चौऱ्यावरचा नारळ

दुर्गचा आउटर सिग्नल मागे पडला तरी रुक्माबाई एक अक्षर बोलली नव्हती.

ती पुढे आणि वच्छला मागे, अशा दोघी रुळांच्या कडेच्या पायवाटेनं चालल्या होत्या. पॅसेंजर चार तास लेट होती, आणि चार तास फलाटावर बसून घालवण्याइतका वेळ रुक्माबाईजवळ उरला नव्हता. सकाळी दुर्गजवळच्या बोरसीला कृष्णराव वकिलांकडे जातानाही त्या पायीच गेल्या होत्या. पण तेव्हा रुक्माबाईचं तोंड सुरू होतं. कोणत्या पुलाखाली साप निघाला होता, कोणता मुकादम ट्रॉलीवरून पडला होता आणि वर आपणच साहेबाला कसा ओरडला होता, सगळं सांगून झालं होतं. वकिलांच्या घरातून बाहेर आल्यापासून मात्र ती गप्प होती.

आत नेमकं काय झालं ते वच्छलाला ठाऊक नव्हतं. कागद वाचून दाखवायला म्हणून ती सोबत गेली होती, आणि तो वाचून दाखवलाही होता. मग वकिलांच्या बायकोनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं, नागपूरकडची माणसं भेटली की चहाबरोबर माहेरच्या चार गोष्टी निघतात तशा निघाल्या, आणि ती बाहेर आली तोवर रुक्माबाई ओसरीवर चपला घालत होती. वकील दारात उभे होते. "उद्या अमावास्या आहे, विसरू नका," एवढंच ते म्हणाले. म्हणताना त्यांनी रुक्माबाईकडे बघितलं नाही, वच्छलाकडे बघितलं.

ते बघणं वच्छलाच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

फाल्गुन संपत आला होता. ऊन डोक्यावर होतं आणि पुढे, क्षितिजाच्या कडेला, भिलाईच्या नव्या पोलाद कारखान्याची धुराडी उभी होती. भट्टी पेटून दोन महिने होऊन गेले होते. तेव्हापासून त्या बाजूचं आभाळ दिवसा मातकट दिसायचं आणि संध्याकाळी तांबडं. सूर्य दुसऱ्या बाजूला बुडाला तरी इकडचं आभाळ विझायचं नाही. लोकांना त्याची सवय झाली होती. वच्छलाला झाली नव्हती. सांजवात लावताना ती खिडकी लावून घ्यायची.

"वच्छलाबाई," रुक्माबाईनं मागे न बघता विचारलं, "शीलाले कितवा लागला?"

शीला म्हणजे वच्छलाची लेक. पहिल्या बाळंतपणाला महिनाभरापूर्वी आईकडे आली होती.

"सातवा. परवाच तर ओटी भरली. तुमाले बोलावलं होतं, तुमी नाही आल्या."

"नाही आली," रुक्माबाई म्हणाली.

रुक्माबाई ही बळीराम गँगमनची बायको. लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि तेव्हापासून रुळाच्या कडेनंच तिचा जन्म गेला. नवऱ्याची टोळी जिथे कामावर असेल तिथे भाकर पोचवायची, परतताना शेण आणि काटक्या वेचायच्या. खडीवर तिचा पाय कधी घसरला नाही. मागून गाडी येते आहे हे आवाजाच्या आधी तिच्या तळपायाला कळायचं. तीन लेकरं झाली, एकही जगलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे. बोलायची ती विहिरीबद्दल.

विहीर तिच्या सासऱ्यानं खणली होती. चंपत त्याचं नाव. भंडाऱ्याकडून रेल्वेच्या मातीकामावर आला आणि कोहका गावाच्या पलीकडे त्यानं मालगुजाराकडून, म्हणजे तिथल्या जमीनदाराकडून, तीन एकर मुरमाड जमीन घेतली. गावच्या विहिरीवर त्या काळी महाराला चढू देत नसत. गावातली कोणी बाई येऊन वरून ओतेल तेव्हा पाणी, नाही तर वाट बघत बसायचं. तेव्हा चंपत आणि त्याची बायको दोन उन्हाळे मुरूम फोडत बसले. बायको पोटुशी होती तरी टोपल्या वाहत होती. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. त्या दिवशी चंपतनं अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केली आणि मग विहिरीच्या काठावर बसून रडला, असं रुक्माबाईची सासू सांगायची.

"कोनाले न मागता पानी पेलो आमी," रुक्माबाई म्हणायची. तेवढं म्हणून झालं की तिला दुसरं काही म्हणायचं नसे.

वच्छलाला हे ऐकताना दर वेळी खाली बघावंसं वाटे. वच्छला ही भिलाई स्टेशनच्या तारबाबूंची, भाऊरावांची बायको. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून साऱ्या रेल्वे लाइनीतली पत्रं, अर्ज, मनीऑर्डरीची कुपनं तिच्याकडे यायची. रुक्माबाई पहिल्यांदा पत्र लिहून घ्यायला आली त्या दिवशी वच्छलानं तिला ओसरीखाली बसवून वरून पाणी ओतलं होतं, आणि रुक्माबाई काही न बोलता ओंजळीनं प्यायली होती. पुढे ते हळूहळू सुटलं. कधी सुटलं तेही वच्छलाला सांगता आलं नसतं. पण पहिला दिवस तिला आठवत होता, आणि रुक्माबाईलाही आठवत असणार.

चंपतला दोन मुलगे. थोरला बळीराम, धाकटा जानराव. मरण्याआधी त्यानं जमिनीचे दोन वाटे करून कागद लिहून घेतला. झोपडं बळीरामच्या वाट्यात, विहीर आणि रस्त्याला लागणारी पाणंद जानरावच्या वाट्यात. वाटणी अशी का, तर दोघांना एकमेकांची गरज राहावी. आणि भावाभावांत तिसरा शिरू नये म्हणून त्यानं एक अट घातली. ती वच्छलानं वकिलांसाठी स्वतःच्या हातानं उतरवून काढली होती, आणि आता चालता चालता तिला तोंडपाठ आठवत होती:

"दोघांपैकी ज्यास आपला हिस्सा विकणे असेल त्याने प्रथम दुसऱ्यास विचारावे. विचारणे ते गावच्या ठाकुरदेवाचे चौऱ्यावर नारळ ठेवून, पाच माणसांसमक्ष, तीन वेळा विचारावे. दुसऱ्याने अगर त्याचे वतीने कोणी नारळ उचलल्यास जमीन त्याची, ठरल्या किमतीस. पुढील अमावास्येचे सूर्योदयापर्यंत न उचलल्यास विकणारा मोकळा."

कागद वाळवी खाईल, देव कुठे जात नाही, असं चंपत म्हणाला होता म्हणे. तेव्हा ते सगळे ठाकुरदेवाला मानत. चौऱ्यावर, म्हणजे देवाच्या ओट्यावर, चढू देत नसले तरी खालून हात जोडत.

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला बळीराम आणि रुक्माबाई पांढरे कपडे घालून गाडीनं नागपूरला गेले, लाखो माणसांत उभं राहून त्यांनी हात वर केला आणि दीक्षा घेतली. जानरावही गेला होता. परत आल्यावर बळीरामनं घरातले देव फडक्यात बांधले आणि शिवनाथ नदीवर नेले. त्यानं ते फेकले नाहीत. गुडघाभर पाण्यात शिरून, वाकून, एकेक करून खाली ठेवले. रुक्माबाई काठावर उभी होती. घरी येताना तो तिला एवढंच म्हणाला की आता मागे वळून पाहायचं नाही.

पुढल्या आषाढात खडीच्या वॅगनींचं शंटिंग चालू असताना तो दोन वॅगनींच्या मध्ये सापडला. रेल्वेनं दिलेला पैसा रुक्माबाईनं पोस्टात ठेवला आणि त्याला हात लावला नाही. क्वार्टर सोडून ती सासऱ्याच्या झोपड्यात राहायला गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, सकाळी उठून वंदना, आणि मग विहिरीवर. तिला वाटलं, आता उरलेलं आयुष्य असंच जाईल.

पण कारखाना पसरत होता. आज या गावाची नोटीस, उद्या त्या गावाची. मोजणीच्या लाल डोक्याच्या खुंट्या एका रात्रीत उगवल्यासारख्या शेतात दिसायच्या. ज्या जमिनी अजून घेतल्या नव्हत्या त्यांच्यावर ठेकेदार घिरट्या घालू लागले. राजनांदगावच्या एका ठेकेदाराला मजुरांच्या छावणीसाठी विहिरीची जमीन हवी होती. जानराव आता कारखान्यात खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारा कामगार, होता, सायकल होती, हातात घड्याळ होतं. त्यानं इसार घेतला आणि वहिनीला निरोप धाडला की कागदात आहे त्याप्रमाणे विचारणार आहे, होळीच्या दुसऱ्या दिवशी चौऱ्यावर ये.

त्या दिवशी वच्छला तिथे होती. गाठीचा हार द्यायला म्हणून ती रुक्माबाईकडे गेली आणि तिच्यासोबत चौऱ्यापर्यंत आली. म्हणून तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं.

गावाच्या कडेला साजाचं, म्हणजे ऐनाचं, जुनं झाड, त्याखाली मातीचा चौथरा, त्यावर मातीचे घोडे आणि शेंदूर लावलेला दगड. तोच ठाकुरदेवाचा चौरा. जानराव चौऱ्यापासून चार हात दूर, हात पाठीमागे बांधून उभा होता. नारळ कोटवारानं, म्हणजे गावच्या कोतवालानं, पाच माणसांपुढे ठेवला.

"वहिनी, माहा हिस्सा इकून राहिलो," जानराव म्हणाला. "घेतं का?"

रुक्माबाई नारळाकडे बघत होती. वच्छलाला ती तेव्हा एखाद्या परक्या बाईसारखी दिसली.

"घेतं का?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, आणि लगेच तिसऱ्यांदा.

"घेतो," रुक्माबाई म्हणाली. "जमीन घेतो. पैसा तयार हाय. नारळ नाही घेत."

माणसं हसली. जानरावही हसला. "कागदात नारळ हाय, वहिनी."

"तुनं बी हात वर केलता नागपूरले. माह्या बाजूलेच उभा होता."

"मंग मी कुठं हात लावला? कोटवारानं ठेवला. तुले उचलाचा असन तं उचल, नाही तं राहू दे. अन् तुले कोनासाठी पाह्यजे जमीन? मांगं कोन हाय तुह्या?"

हे बोलणं त्यालाही जड गेलं असावं, कारण म्हणून झाल्यावर तो घड्याळाकडे बघायला लागला. रुक्माबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिनं नारळ उचलला असता तर नवऱ्याचा शब्द मोडत होता, आणि दीक्षा घेतलेली सगळी माणसं बोट दाखवायला मोकळी होती. नाही उचलला तर विहीर जात होती, पाणंद जात होती, आणि वाट-पाण्याविना मागचा तुकडा घेऊन ती किती दिवस बसणार? जानरावला हे आधीपासून ठाऊक होतं. त्यासाठीच तर त्यानं इतक्या रीतीनं, कागदाबरहुकूम विचारलं होतं.

नारळ तसाच राहिला. जानरावलाही तो उचलता येईना, आणि दुसऱ्याचं विचारणं म्हणून गावातलं कोणी हात लावीना. आज जवळपास पंधरा दिवस तो चौऱ्यावर पडून होता.

"दाई, बैठ जाव!"

दोघी दचकल्या. रुळांच्या बाजूनं मुरमाचा नवा रस्ता होता आणि त्यावर एक जीप कधी येऊन हळू झाली ते कळलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस केवलराम बाहेर वाकला होता. तोंडात पान, आवाजात साखर; छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. गावापर्यंत सोडतो म्हणाला. या वयात एवढं ऊन कशाला घ्यायचं, वकील काय उन्हाची फी देतो का, असंही म्हणाला आणि आपणच हसला.

वकिलांकडे गेल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

रुक्माबाई चालत राहिली. जीप तिच्या चालीनं चालत राहिली. केवलराम म्हणाला की उद्यापासून विहिरीवर ठेकेदाराचा चौकीदार बसेल, तेव्हा दाईनं आज संध्याकाळीच घागरी भरून ठेवाव्यात. चौकीदार नवा आहे, ओळख ठेवत नाही. मग तो वच्छलाकडे वळला.

"और लिखनेवाली बाई, तारबाबू की बदली होनेवाली है, ऐसा सुना. सच है क्या?"

वच्छलानं असं काही ऐकलं नव्हतं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"हो सकता है झूठ हो," केवलराम म्हणाला. "घर में बेटी पेट से है न? ऐसे में घर बदलना ठीक नहीं." त्यानं हात जोडले आणि जीप पुढे काढली. धुरळा खाली बसेपर्यंत दोघी तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

पुढे एक रिकामं गाव लागलं. दोन महिन्यांपूर्वी तिथे माणसं होती. जाताना त्यांनी छपरावरची कवेलू, दारं, चौकटी, सगळं बैलगाड्यांवर लादून नेलं होतं, आणि भिंती तेवढ्या उभ्या होत्या. दाराच्या जागी भोकं. एका अंगणात जातं उलटं पडलं होतं. वच्छलाला तिथे थांबायचं नव्हतं, पण रुक्माबाई एका कडुलिंबाच्या सावलीत बसली आणि तिनं खांद्यावरचा तुंबा काढला. वाळलेल्या भोपळ्याचा तो तुंबा तिच्या सासूचा, पाणी त्यात दिवसभर गार राहायचं. तिनं तो आधी वच्छलापुढे धरला.

वच्छला तोंड लावून प्यायली. पाणी विहिरीचं होतं. थोडं तुरट.

जमिनीतून एक हादरा आला. कुठेतरी सुरुंग उडवला असेल, नाही तर जड काही टाकलं असेल. पडक्या भिंतीवरून माती सुळकन खाली आली. झाडावर एक पाखरू नव्हतं उडायला.

"माही सासू एका केवटाची गोष्ट सांगे," रुक्माबाई म्हणाली.

तिनं ती गोष्ट बोटांनी मातीत रेघा ओढत, कुणाचं तरी जुनं पत्र वाचावं तशी सांगितली. त्याच चौऱ्यावर पूर्वीही जमिनीचे नारळ ठेवत. एका वर्षी एक तेली अंथरुणाला खिळलेला होता, त्याच्या भावानं नारळ ठेवला. तेल्याला चौऱ्यापर्यंत येता येईना, म्हणून त्याच्या वतीनं त्याच्या दोस्तानं, एका केवटानं, म्हणजे मासेमारानं, उचलला. जमीन तेल्याची झाली, पण दोन वर्षांत ती सावकाराकडे गेली. आणि त्यानंतर केवटाचं घर बसत गेलं. आधी म्हशी गेल्या, मग सून बाळंतपणात गेली, मग ते पोर. शेवटी केवट एकटा राहिला आणि एक दिवस जाळं घेऊन गेला तो आलाच नाही.

"सासू म्हणे, दुसऱ्यासाठी उचलला तं उचलणाऱ्याचं घर जामीन राह्यते. जमीन टिकली तं काही नाही. जमीन गेली तं ठाकुरदेव जामिनाकडून वसूल करते."

"तुमाले खरं वाटते हे?" वच्छलानं विचारलं.

"मले नाही वाटत. मानसं मरतच होती तवा. रोगानं मरत, भुकेनं मरत." तिनं मातीतल्या रेघा हातानं पुसल्या. "तुमाले वाटते का?"

वच्छला देवाधर्माचा गाजावाजा करणारी बाई नव्हती. तुळशीला पाणी, सांजेला दिवा, शनिवारी मारुतीला तेल, एवढंच. पण जिथे शेंदूर दिसेल तिथे तिचा हात आपोआप जोडला जायचा, देव कुणाचा हे ती विचारायची नाही. दारात कुणी लिंबू-हळद टाकलेली दिसली तर ती वळसा घालून जायची. कागदातले शब्द पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आले. "अगर त्याचे वतीने कोणी." हे तिनं स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवलं होतं आणि तेव्हा त्यावर तिचं लक्षही गेलं नव्हतं. वकिलांचं गेलं होतं. म्हणून त्यांनी दारात उभं राहून तिच्याकडे बघितलं होतं.

सगळं तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं नाही असं तिनं स्वतःला सांगितलं. "चला," ती म्हणाली. "ऊन उतरलं."

उरलेली वाट वच्छला पुढे चालली. आपण का भराभर चालतो आहोत हे तिला कळत नव्हतं. मागे वळली नाही तर प्रश्न येणार नाही, असं काहीसं वाटत असावं. तिला शीलाचं पोट आठवत होतं, हात ठेवला की आतून लाथ मारणारं. तिला भाऊरावांचा चेहरा आठवत होता. बदलीचं खरं असेल का? खोटं असेल तर केवलरामला शीलाचं कसं ठाऊक? आणि मधूनच तिला ओसरीखाली बसलेली, ओंजळ पुढे केलेली रुक्माबाई आठवत होती, वीस वर्षांपूर्वीची, तिच्याकडे न बघता पाणी पिणारी.

स्टेशनच्या अलीकडे दोन वाटा फुटत होत्या. एक क्वार्टरांकडे, एक रूळ ओलांडून कोहक्याकडे आणि तिथून पुढे गावाकडे. वच्छला थांबली. रुक्माबाई तिच्या बाजूनं पुढे गेली, रूळ ओलांडले, आणि पलीकडे उतरून उभी राहिली. बोलावलं नाही. नुसती उभी राहिली. वच्छलानं पदर खोचला आणि रूळ ओलांडले.

गावात पोचल्या तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला होता. दुसऱ्या बाजूचं आभाळ तांबूस व्हायला सुरुवात झाली होती. पाणंदीच्या तोंडाशी ती जीप उभी होती, रिकामी. विहिरीच्या काठावर ओल दिसत होती, म्हणजे कोणीतरी पाणी काढलं होतं. आणि विहिरीपासून वीसेक पावलांवर, जिथे सकाळी काही नव्हतं, तिथे एक खुंटी ठोकलेली होती. तिच्या डोक्यावरचा लाल रंग अजून वाळला नव्हता.

वच्छला तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. ठेकेदार खुंटी ठोकत नाहीत. खुंटी कारखान्याची. मोजणीची माणसं दुपारी येऊन गेली असणार. म्हणजे विहीर जानरावची असो, ठेकेदाराची असो, रुक्माबाईची असो, वर्षा-दोन वर्षांत तिच्यावरही नोटीस येऊ शकत होती.

"आज आली," रुक्माबाई म्हणाली. "मोजनी झाली म्हंजे घेतीलच असं नाही. बोरीच्या बांधाकडं तीन वर्सं झाली, खुंटी तशीच हाय."

"घेतली तर?"

रुक्माबाई चौऱ्याच्या वाटेला लागली.

चौऱ्यावर माणसं जमलेली होती. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैगा, म्हणजे गावचा पुजारी, चौरा सारवायला येतो, आणि सकाळी सूर्य निघाला की राहिलेले नारळ फोडून वाटून टाकतो. तो झाडणी घेऊन एका कडेला बसला होता. कोटवार होता. गावातले आणखी चारपाच जण होते, आणि झाडाला टेकून केवलराम पान चघळत होता. जानराव सायकल धरून उभा होता. वहिनीला बघून त्यानं सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली.

"आली का, वहिनी? मले वाटलं वकिलाकडंच राह्यली."

कोणी हसलं नाही. कोटवारानं वच्छलाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली.

नारळ तिथेच होता. पंधरा दिवसांच्या उन्हानं त्याच्या शेंड्या करड्या पडल्या होत्या. बाजूच्या मातीच्या घोड्याचा एक पाय तुटून त्याच्याजवळ पडला होता. वच्छलाचे हात जोडले गेले, नेहमीसारखे, न विचारता. जोडून झाल्यावर तिला कळलं की सगळे तिच्या हातांकडे बघत आहेत.

रुक्माबाईनं तिला दंडाला धरून जरा बाजूला घेतलं. ती पहिल्यांदाच तिला अशी धरत होती.

"तुमच्यापासून काही लपवलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "केवटाचं सांगतलं. खुंटी तुमी पायली. शीलाचं मी इसरली नाही, साऱ्या वाटंनं तेच डोक्शात होतं, म्हणून बोलनं सुचत नोतं. वकील म्हणे, हात कोनाचाही चालते, पाच मानसांपुढं पाह्यजे. पैसा मी उद्या पोस्टातून काढतो. माह्यासाठी थो सादा नारळ हाय, वच्छलाबाई, बजारातला. तरी मले हात लावता येत नाही. त्यायनं पान्यात वाकून ठेवले ना देव, मी पायलं ना. तुमाले लावता येते. तुमचा देव हाय."

मागे केवलराम खाकरला. सूर्य शेंड्यांखाली गेला होता, आणि चौऱ्यावरचा उजेड आता दुसऱ्या बाजूनं, भट्टीकडून येत होता.

"तुमी नाही म्हनलं तं माहा राग नाही. घरी जा, शीलापाशी बसा, मी कधी बोलणार नाही याच्यावर," रुक्माबाई म्हणाली. तिचा हात अजून वच्छलाच्या दंडावर होता. "पण मी इचारून राहिली. जानरावासारकं तीनदा नाही, एकडावच इचारतो. थो नारळ माह्यासाठी उचला."